बाजू पेशंटची धरायची

प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, मी येवल्याची. नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ॲनाटॉमीच्या पहिल्याच प्रकरणात अडकलेय. हात सैल सोडून उभं राहिलं तर अंगठा पुढे येतो, मग पुस्तक अंगठ्याकडच्या बाजूला लॅटरल का म्हणतं? पेशंट आडवा झोपला की डोकं वर कुठे राहतं, तरी ते सुपिरियरच? एक्स-रेत हृदय मला उजवीकडे दिसतं आणि सर म्हणतात डावीकडे आहे. पाठ केलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं उलटंपालटं होतं. काही युक्ती आहे का?"

युक्ती आहे, पण पाठांतराची नाही. तुझ्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. तू दिशा स्वतःवरून नाहीतर खोलीवरून धरतेयस. वर म्हणजे छताकडे, उजवीकडे म्हणजे माझ्या उजव्या हाताला, पुढे म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. रोजच्या जगण्यात हे बरोबरच आहे, वॉर्डात मात्र चालत नाही. तिथे दिशा समोरच्या माणसाच्या अंगावरून ठरतात. तो माणूस प्रत्यक्षात कसाही पडलेला असो, मनातल्या मनात त्याला एका ठरलेल्या पद्धतीनं उभं करायचं आणि मगच बोलायचं.

ही उभं राहण्याची पद्धत म्हणजे ॲनाटॉमिकल पोझिशन. ताठ उभं राहायचं, नजर समोर, पावलं जवळजवळ आणि बोटं पुढे, हात अंगालगत आणि तळहात पुढे. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते आणि नर्सिंगच्या मुलींना हा विषय शिकवतेही. पहिल्या तासाला वर्गाला उभं राहायला सांगितलं की निम्म्या मुली शाळेतल्या कवायतीसारख्या 'सावधान'मध्ये उभ्या राहतात. सावधानमध्ये तळहात मांड्यांकडे असतात आणि तुझा पहिला घोळ तिथेच सुरू होतो.

तळहात पुढेच का, हे हातावरच बघ. उजवं कोपर टेबलावर टेकव, बोटं समोर पसरलेली, तळहात छताकडे. आता डाव्या हाताच्या बोटांनी अंगठ्याच्या रेषेतलं मनगटाजवळचं हाड चाचप. तिथे नाडीही लागते. हे रेडियस. मग करंगळीच्या रेषेतलं हाड धर आणि बोटं कोपराच्या टोकापर्यंत सरकवत ने. हे हाड सगळीकडे कातडीखाली सलग लागतं. हे अल्ना. आता दोन्ही हाडांवर बोटं ठेवूनच उजवा तळहात हळूहळू पालथा कर. कोपराचं टोक जागचं हलत नाही, अल्ना जवळपास होती तिथेच राहते, पण रेडियसचं मनगटाकडचं टोक तिच्यावरून पलीकडे जातं. दोन हाडांची फुली होते. या अवस्थेत रेडियस कोपराजवळ बाहेरच्या अंगाला आहे आणि मनगटाजवळ आतल्या अंगाला. मग त्याला बाहेरचं म्हणायचं की आतलं? उत्तर देता येत नाही. तळहात पुढे केला की फुली सुटते, दोन्ही हाडं समांतर होतात, आणि रेडियस वरपासून खालपर्यंत एकाच बाजूला राहतं. म्हणून ही पोझिशन ठरवलेली आहे. अंगठा लॅटरल, करंगळी मीडियल, हात प्रत्यक्षात कुठेही फिरलेला असला तरी.

लॅटरल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेपासून लांब, मीडियल म्हणजे त्या रेषेच्या जवळ. मधली रेष कपाळाच्या मध्यातून नाक, बेंबी अशी खाली येते असं धर. तुझ्या पुस्तकात यापुढे सॅजिटल, कोरोनल आणि ट्रान्सव्हर्स असे तीन छेद असतील. पहिला शरीराचे डावे-उजवे भाग करतो, दुसरा पुढचे-मागचे, तिसरा वरचे-खालचे. आत्ता एवढं पुरे. सीटी आणि एमआरआयच्या फिल्म हातात यायला लागल्या की ते आपोआप बसतं.

आता झोपलेला पेशंट. उताणा झोपला तर त्याला सुपाइन म्हणतात, पालथा झोपला तर प्रोन. शॉकमध्ये कधी पलंगाचं पायथ्याकडचं टोक उचलून डोकं खाली करतात, तेव्हा पाय छताच्या अधिक जवळ असतात. तरी डोकं सुपिरियर म्हणजे वरचं आणि पाय इन्फिरियर म्हणजे खालचे. पालथ्या पेशंटची पाठ वर असते, तरी ती पोस्टिरियर म्हणजे मागचीच. छत कुठे आहे हे शरीरशास्त्राला ठाऊकच नसतं म्हण ना.

दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका माझ्याकडे खांदा धरून येतात. मण्यांची विरळणी चालू असते तेव्हा दिवसभर हात मांडवाला लागलेले. अशी बाई काम करत असताना बघितलीस तर बोटं सगळ्यात वर, त्याखाली मनगट, त्याखाली कोपर, आणि खांदा सगळ्यात खाली. तिच्या केस पेपरवर काय लिहिशील? मनगट कोपरापेक्षा डिस्टल, म्हणजे हाताच्या मुळापासून लांबचं. हात मांडवाला असो की मांडीवर, त्यात बदल होत नाही. हातापायांसाठी प्रॉक्सिमल आणि डिस्टल हे शब्द वेगळे ठेवलेत ते याच सोयीसाठी. हातपाय कुठेही वळतात, पण त्यांचं मूळ धडाला जिथे जोडलेलं आहे तिथेच राहतं.

त्या बायका नुसतं "खांदा दुखतो" म्हणतात. मी म्हणते, "ताई, एका बोटानं दाखवा." बोट दंडाच्या वरच्या भागात, बाहेरच्या आणि थोडं पुढच्या अंगाला फिरलं, तर मी खांद्याच्या आतल्या कंडऱ्यांकडे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांकडे, आधी बघते. तोच हात मानेवरून मागे फऱ्याच्या हाडाकडे गेला, तर आधी मान तपासते. दोघींच्या कागदावर 'खांदेदुखी' एवढंच लिहिलं असतं तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं. 'राइट शोल्डर, अँटिरोलॅटरल' असं लिहिलेलं असलं की तपासणी कुठून सुरू करायची ते कळतं. अँटिरियर म्हणजे पुढचं आणि लॅटरल म्हणजे बाहेरचं, दोन्ही मिळून हा जोडशब्द. असे जोडशब्द बघून घाबरू नकोस, फोड केली की झालं.

डाव्या-उजव्यावर मात्र मी जरा जास्त वेळ घेणार आहे. बाकीच्या शब्दांत चूक झाली तर मार्क जातात, इथे चूक झाली तर पेशंटचं नुकसान होतं.

तू येवल्याची, म्हणजे कालव्याच्या बोलण्यात डावा तट, उजवा तट हे शब्द कानावर पडलेले असतील. नदीचा डावा काठ कसा ठरतो? पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड केलं की डाव्या हाताला येतो तो डावा. तू पंचवटीत उभी राहा, नाहीतर पलीकडे जुन्या नाशकात. पंचवटी गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, डाव्या काठावर ती आहेच, तू कुठून बघतेस याचा तिथे संबंध नाही. पेशंटचं डावं-उजवंही असंच त्याच्या मालकीचं असतं. नदी मनात आलीच आहे तर प्रॉक्सिमल-डिस्टलही तिच्यावरच बसवून टाक. सोमेश्वर रामकुंडाच्या वरच्या अंगाला आहे आणि गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला. मग सोमेश्वर प्रॉक्सिमल की डिस्टल? कशाच्या मानानं ते आधी सांग, मग उत्तर देते. कोपरही तसंच, खांद्याच्या मानानं डिस्टल आणि मनगटाच्या मानानं प्रॉक्सिमल.

एक्स-रे आपण समोरून बघतो. पेशंट तुझ्याकडे तोंड करून उभा आहे असं समजून फिल्म लावायची अशी पद्धत आहे. म्हणजे त्याची डावी बाजू तुझ्या उजव्या हाताला येणार. हृदय तुला उजवीकडे दिसतं आणि सर डावीकडे म्हणतात, दोघांचंही बरोबर, फक्त केस पेपरवर सरांचं लिहायचं. सीटीच्या आडव्या कापांतही तसंच असतं. उताण्या पेशंटला त्याच्या पायांकडून बघतोय असं समजायचं, म्हणजे त्याची उजवी बाजू तुझ्या डावीकडे आणि पोट वरच्या बाजूला.

फिल्मच्या कोपऱ्यात 'आर' किंवा 'एल' असा मार्कर असतो. फिल्म हातात आली की हृदय शोधण्याआधी तो शोधायचा. साधारण दहा हजारांत एका माणसाचे छातीपोटातले अवयव आरशात दिसावेत तसे उलट असतात, म्हणजे हृदयाचं टोक उजवीकडे आणि यकृत डावीकडे. त्याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. मार्कर न बघता, हृदय ज्या बाजूला ती डावी असं धरून फिल्म लावली, तर असा माणूस तुझ्या हातून निसटेल.

फिल्मवर पीए किंवा एपी असंही लिहिलेलं असतं, तेही दिशाच सांगतं. पीए म्हणजे किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडले, फिल्म छातीला टेकलेली होती. हृदय छातीच्या पुढच्या भागात असल्यामुळे ते फिल्मजवळ राहतं आणि सावली खऱ्या आकाराच्या जवळ जाणारी पडते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचा पोर्टेबल एक्स-रे बहुधा एपी असतो. किरण पुढून जातात, फिल्म पाठीखाली. त्यात हृदय मोठं दिसतं. नवीन मुलगी ते बघून नातेवाइकांना "हृदय सुजलंय" सांगून मोकळी होते, आणि मग डॉक्टरांना अर्धा तास समजूत घालत बसावं लागतं.

ऑपरेशन चुकीच्या बाजूला होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तिचे तीन टप्पे आहेत. बाजू आणि जागा नक्की करणं त्यातच येतं. ही यादी मोठ्यानं वाचून दाखवायचं काम पुष्कळदा नर्सकडे असतं. तेव्हा पेशंटला "उजवाच ना?" असं विचारू नकोस. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "कोणत्या पायाचं ऑपरेशन आहे, हात लावून दाखवा," असं विचार. आणि कागदावर 'राइट', 'लेफ्ट' पूर्ण शब्दांत लिही. घाईत काढलेलं एक अक्षर कसंही वाचलं जातं.

आता तुझ्या पाठांतराकडे. तू बहुतेक 'हृदय, मीडियल', 'फुप्फुस, लॅटरल' अशा जोड्या पाठ करतेयस. म्हणूनच दुसऱ्या दिवशी उलटतं. हे शब्द पत्ता सांगत नाहीत, नातं सांगतात. सख्खी बहीण म्हटलं की कोणाची, हा प्रश्न येतोच, तसा इथे प्रत्येक शब्दाला 'कशापेक्षा?' हा प्रश्न चिकटलेला आहे. डोळा नाकापेक्षा लॅटरल आणि कानापेक्षा मीडियल. छातीचं हाड हृदयाच्या मानानं वरवरचं म्हणजे सुपरफिशियल, पण कातडीच्या मानानं खोल म्हणजे डीप. तोंडी परीक्षेत मुलगी 'लॅटरल' म्हणून थांबली की परीक्षक 'टू व्हॉट?' विचारणारच. वही काढ आणि शब्द सुटा लिहिणं आजपासून बंद कर, पूर्ण वाक्य लिही.

वाक्यही अशा जागांची लिही जिथे तुला पुढे रोज हात लावायचाय. बीपी घेताना स्टेथोस्कोप कुठे ठेवतात? कोपर थोडं वाकव, खळगीच्या मधोमध बायसेप्सचा ताठ कंडरा दोरीसारखा लागेल. धमनी त्याच्या मीडियल बाजूला असते, म्हणजे करंगळीच्या अंगाला. पुष्कळ मुली खळगीच्या बरोबर मध्ये नाहीतर बाहेरच्या बाजूला स्टेथोस्कोप दाबून धरतात आणि "आवाजच येत नाही" म्हणून मशीनला दोष देतात. धमनीच्याही मीडियल बाजूला मीडियन नर्व्ह असते. बाहेरून आत कंडरा, धमनी, नस हा क्रम एकदा बोटानं चाचपून घेतलास की पुन्हा पुस्तक उघडावं लागणार नाही. इथे 'नस' मी नर्व्हसाठी म्हणतेय. पेशंट मात्र शिरेलाही नसच म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडी तो शब्द आला की नीट विचारून घे. पायाची नाडी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, पोस्टिरियर बाजूला लागते. पावलावरची दुसरी नाडी अंगठा वर उचलल्यावर जो कंडरा ताठ होतो त्याच्या लॅटरल बाजूला. मधुमेहाच्या पेशंटचे पाय तपासताना या दोन्ही जागा लागणार आहेत.

कुल्ल्यावरच्या इंजेक्शनचं उदाहरण घे. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार चौकोन करायचे आणि सुई वरच्या-बाहेरच्या चौकोनात द्यायची, असं तुला शिकवतीलच. का? कारण सायाटिक ही शरीरातली सगळ्यात जाड नर्व्ह खालच्या-आतल्या भागातून मांडीकडे उतरते. तिच्यात सुई गेली तर पाऊल लुळं पडू शकतं. अशी पोरं माझ्याकडे येतात. पाऊल उचलत नाही, चालताना बोटं घासतात, आणि आई सांगते, "ताप आला म्हणून इंजेक्शन घेतलं, तेव्हापासून." आता इथे दिशेची एक गंमत आहे. कुल्ला म्हणजे फक्त गुबगुबीत भाग असं धरून चौकोन केलेस तर तुझा 'वरचा-बाहेरचा' प्रत्यक्षात खालीच येतो. चौकोनाची वरची हद्द कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंत न्यायची. कपडा पुरेसा खाली न घेता, लाजून, घाईत दिलेल्या सुया इथेच चुकतात. लहान बाळांना तर कुल्ल्यावर देतच नाहीत. लसीकरणात पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या अंगाला देतात, अँटिरोलॅटरल, आणि बीसीजी डाव्या दंडावर. कोणती लस कोणत्या बाजूला हे ठरलेलं असतं म्हणून गाठ आली, सूज आली तर कशामुळे ते ओळखता येतं.

हृदयाबद्दल थोडं सांगते, कारण तिथे नावंच फसवतात. 'उजवं हृदय' आणि 'डावं हृदय' वाचून मुलींना वाटतं की दोन्ही भाग उभी भिंत घातल्यासारखे शेजारी-शेजारी आहेत. तसं नसतं. हृदय तिरकं आणि वळलेलं बसलेलं असतं. छातीच्या हाडामागे सगळ्यात पुढे येतं ते मुख्यतः उजवं व्हेंट्रिकल, म्हणजे उजवा खालचा कप्पा. सगळ्यात मागे असतं ते डावं ॲट्रियम, म्हणजे डावा वरचा कप्पा, अन्ननलिकेच्या पुढ्यातच. डाव्या बाजूच्या या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसली की हे ॲट्रियम फुगतं आणि क्वचित अन्ननलिकेवर दाब येऊन घास अडकल्यासारखं वाटतं. मागच्या बाजूनं हृदयाची सोनोग्राफी करायची तर नळी अन्ननलिकेत घालतात तीही याचमुळे. म्हणजे डावं ॲट्रियम कुठे आहे याचं उत्तर 'डावीकडे' एवढं दिलंस तर अर्धंच झालं, 'मागे' हे जास्त महत्त्वाचं.

हृदयाचं टोक डावीकडे फासळ्यांमधल्या पाचव्या फटीत लागतं, कॉलर बोनच्या मध्यातून खाली रेघ ओढली तर तिच्या जरा आतल्या बाजूला. फासळ्या वरून मोजायला जाऊ नकोस, पहिली कॉलर बोनखाली लपलेली असते. गळ्याच्या खळगीतून बोट छातीच्या हाडावरून खाली आण, साधारण चार-पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला जी फासळी जोडलेली ती दुसरी. तिथून खाली मोजायचं.

डाव्या-उजव्या अवयवांतले फरक पुस्तकात तक्त्यात असतील. तक्ता बाजूला ठेव आणि कारण विचार. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा खाली, कारण त्याच्या वर यकृत बसलंय. पोरानं शेंगदाणा किंवा बोराची बी श्वासनलिकेत ओढली तर ती बहुधा उजव्या फुप्फुसात जाते, कारण उजवी फांदी रुंद, आखूड आणि जास्त उभी असते. एनिमा देताना डाव्या कुशीवर का झोपवतात? मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडून खाली येतो, द्रव उताराला लागतो. दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीवर वळायला का सांगतात? शरीराच्या खालच्या भागातून रक्त परत आणणारी मोठी शीर कण्याच्या उजव्या अंगाला असते. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार तिच्यावर येतो, बाईला घेरी येते, बाळाकडचा रक्तपुरवठा घटतो. एका दिशेच्या शब्दामागे एवढं असतं.

पोटाचे चार भाग आणि नऊ भाग अशा दोन पद्धती तुला शिकवतील. चार भागांची रोज लागते, नऊची परीक्षेत लागते. पेशंट नकाशावर बोट ठेवून बोलत नाहीत. छातीच्या खड्ड्यावर हात ठेवून "काळजात दुखतंय" म्हणतात, बेंबीखाली सगळं 'ओटीपोट' असतं, आणि बरगडीपासून कुल्ल्यापर्यंतच्या पट्ट्याला 'कंबर'. 'हात' म्हणजे बोटांपासून खांद्यापर्यंत काहीही, 'पाय' म्हणजे खुब्यापासून अंगठ्यापर्यंत काहीही. शिवाय पुस्तकातला 'आर्म' म्हणजे फक्त दंड आणि 'लेग' म्हणजे फक्त गुडघ्याखालचा भाग, हे ध्यानात ठेव. पेशंटचं बोट बघ, मग शब्द लिही. 'पाय दुखतो'वाल्या माणसाची कळ मांडीच्या मागून उतरून पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याकडे गेली, तर कमरेतली एक नर्व्ह मनात येते. करंगळीकडच्या कडेला गेली तर तिच्या खालची.

हालचालींच्या शब्दांत तीन ठिकाणी हमखास घोळ होतो, तेवढीच सांगते. बाकीचं सोपं आहे.

गुडघा. कोपर वाकवलं की हात पुढे येतो, गुडघा वाकवला की पाय मागे जातो, तरी दोन्ही फ्लेक्शन. आईच्या पोटात असताना हातापायांच्या कोंबांना पीळ बसतो, हाताला बाहेरच्या दिशेनं आणि पायाला आतल्या दिशेनं. म्हणून हात वाकवणारे स्नायू पुढे आणि गुडघा वाकवणारे मागे आले. मांडीच्या पुढचा जाडजूड स्नायू गुडघा सरळ करतो, तो एक्स्टेन्सर. पुढचं ते फ्लेक्सर असं सरसकट धरलंस तर इथे पडशील.

अंगठा. तळहात समोर धर, चार बोटांची नखं मागे बघतात, अंगठ्याचं नख बाजूला. तो बाकीच्या बोटांच्या मानानं काटकोनात वळलेला आहे, म्हणून त्याच्या हालचालीही काटकोनात वळल्यात. तळहातावरून करंगळीकडे सरकला तर फ्लेक्शन, तळहातापासून सरळ पुढे उचलला तर ॲबडक्शन, म्हणजे लांब नेणं. बोटं फाकवणं-मिटवणं मात्र शरीराच्या मधल्या रेषेवरून नाही, तर हातात मधल्या बोटावरून आणि पायात अंगठ्याशेजारच्या बोटावरून मोजतात.

घोटा. पाऊल वर उचलणं डॉर्सिफ्लेक्शन, टाचा उचलून बोटांवर उभं राहणं प्लांटारफ्लेक्शन. पावलाची वरची बाजू डॉर्सम, तळवा प्लांटार. तळहाताची बाजू पामर.

अभ्यास कसा करायचा म्हणशील, तर मैत्रिणीला समोर उभी कर. डोळे मिटून तिनं एक जागा सांगायची, 'मीडियल मॅलिओलसच्या मागे', म्हणजे घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, आणि तू बोट ठेवायचंस. मग तिला पालथं झोपवून तेच, मग कुशीवर वळवून तेच. पालथ्या माणसावर डावं-उजवं न अडखळता सांगता आलं की हे प्रकरण तुला आलं असं समज. बोलताना मराठीत बोला, 'अगं, याच्या बाहेरच्या अंगाला' असंच म्हणा, समज त्याच भाषेत पक्की होते. लिहिताना इंग्रजी शब्द वापर, कारण आरोग्य विद्यापीठाचा पेपर तसा असतो आणि उद्या तुझी नोंद केरळहून आलेली सिस्टरही वाचणार आहे. हाडं कपाटातून मागून घे आणि हातात धर. फिमर म्हणजे मांडीचं हाड उजव्या पायाचं की डाव्या, हे ओळखायला दोनच गोष्टी बघायच्या. वरचा गोल डोक्याचा भाग मीडियल बाजूला बघतो, आणि खालच्या टोकाची मोठी खाच मागे असते. डोकं आत, खाच मागे धरलीस की हाड आपोआप आपल्या बाजूला येऊन उभं राहतं.

डॉर्सल आणि पोस्टिरियर एकच का, हा प्रश्न पुढच्या आठवड्यात पडेलच, म्हणून आत्ताच. माणसात धडापुरतं एकच धरायला हरकत नाही, व्हेंट्रल म्हणजे अँटिरियर आणि डॉर्सल म्हणजे पोस्टिरियर. चार पायांच्या जनावरात नाही, गाईची पाठ मागे नसते, वर असते. आणि मेंदू शिकताना जपून राहा. आपण उभे राहतो म्हणून मेंदूचा अक्ष कण्याच्या अक्षाशी वळण घेतो, त्यामुळे मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे डोक्याच्या टाळूकडची बाजू आणि मेरुरज्जूत डॉर्सल म्हणजे पाठीकडची. ते प्रकरण आलं की आधी पुस्तकातल्या आकृतीवर बाण काढ, मग वाचायला घे.